बाकावर बसून शिकलेला कोच: डग पीडरसन

डग पीडरसन हा अमेरिकन फुटबॉलमधला मोठा खेळाडू कधीच नव्हता. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या परिघात तो १९९१ ते २००४ या काळात राहिला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्या चेंडूपासून मैदानात उतरण्याची संधी त्याला फक्त १७ सामन्यांत मिळाली. त्यातले ३ जिंकले, १४ हरले. हाच माणूस ४ फेब्रुवारी २०१८ रोजी फिलाडेल्फिया ईगल्सचा मुख्य प्रशिक्षक म्हणून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. समोरच्या संघात टॉम ब्रेडी हा महान क्वार्टरबॅक होता आणि पीडरसनच्या संघाचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक जखमी होऊन बाहेर बसला होता.

ही दोन टोकं पाहून लोक ‘नशीब’ म्हणतात. मला ते पटत नाही. पीडरसन चांगला कोच झाला तो खेळाडू म्हणून बाकावर बसावं लागलं तरीही नाही, तर बाकावर बसावं लागलं म्हणूनच. पीडरसन स्वतः क्वार्टरबॅक होता, म्हणून हे समजायला आधी क्वार्टरबॅक नेमकं काय करतो ते पाहायला हवं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये एका वेळी दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू मैदानात असतात. ज्या संघाकडे चेंडू आहे त्याला दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर, पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. दहा यार्ड झाले की पुन्हा चार नवे डाउन. तीन डाउनमध्ये काम झालं नाही, तर चौथ्याला बहुतेक संघ धोका पत्करत नाहीत. गोलखांब जवळ असतील तर लाथ मारून तीन गुण घेतात, लांब असतील तर चेंडू दूर लाथाडून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलतात. शेवटच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये, चेंडू नेला की टचडाउन, सहा गुण. एवढं माहीत असलं की पुढचं सगळं कळतं.

प्रत्येक डाउन ही आधी ठरवलेली चाल असते, तिला ‘प्ले’ म्हणतात. क्रिकेटमध्ये चेंडू पडल्यावर काय करायचं ते फलंदाज त्या क्षणी ठरवतो. इथे अकराही जणांनी कुठे उभं राहायचं, कुणी कुणाला अडवायचं, कुणी किती पावलं धावून कोणत्या कोनात वळायचं, हे सगळं आधीच लिहून ठेवलेलं असतं. एकेका संघाच्या प्लेबुकात अशा शेकडो चाली असतात आणि प्रत्येकीचे पोटभेद असतात. चाल कोच निवडतो आणि क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या छोट्या स्पीकरवर सांगतो. दोन चालींमध्ये साधारण ४० सेकंद मिळतात, आणि घड्याळात १५ सेकंद उरले की तो स्पीकर आपोआप बंद होतो. त्यापुढे क्वार्टरबॅक एकटा. त्याने घोळक्यात दहा जणांना चाल सांगायची, रेषेवर येऊन समोरच्या बचावाची मांडणी वाचायची, गरज पडली तर ओरडून चाल बदलायची, चेंडू हातात आल्यावर तीन सेकंदांच्या आत फेकायचा किंवा दुसऱ्याच्या हातात द्यायचा, आणि हे सगळं सव्वाशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत असताना.

चालींची भाषा कशी असते त्याचा एक नमुना देतो. २०१८ च्या त्या सुपर बोलमध्ये शेवटची अडीच मिनिटं उरली असताना ईगल्सनी जी चाल खेळली ती अशी होती: ‘गन ट्रे लेफ्ट, ओपन बस्टर स्टार मोशन, ३८३ एक्स फॉलो वाय स्लँट’. बाहेरच्याला हा मंत्रच वाटेल. पण यातल्या प्रत्येक तुकड्यात कुणा ना कुणासाठी सूचना आहे. ‘गन’ म्हणजे क्वार्टरबॅकने रेषेला चिकटून न राहता काही यार्ड मागे उभं राहायचं. ‘मोशन’ म्हणजे चेंडू निघायच्या आधीच एकाने जागा बदलत सरकायचं, म्हणजे त्याच्यामागे कोण जातं त्यावरून बचावाचा बेत उघडा पडतो. ‘वाय स्लँट’ म्हणजे वाय या जागेवरच्या खेळाडूने तिरकं आत धावायचं. वाय होता झॅक अर्ट्झ. तो तिरका आत धावला, चेंडू झेलला आणि एंड झोनमध्ये झेपावला.

आता राखीव क्वार्टरबॅकचा विचार करा. त्यालाही हे सगळं पाठ असावं लागतं, कारण पुढच्या मिनिटाला पहिला क्वार्टरबॅक लंगडत बाहेर येऊ शकतो. पण सरावात बहुतेक चाली पहिल्यालाच मिळतात. राखीव खेळाडू शिकतो तो पाहून: जुन्या सामन्यांचे व्हिडिओ, कोचच्या बैठका, फळ्यावरच्या खुणा. सामना चालू असताना तो कडेला उभा राहून कोचचं बोलणं ऐकतो, चाल का निवडली ते समजून घेतो, आणि पहिला क्वार्टरबॅक बाहेर आला की त्याला काय दिसलं ते विचारतो. बचावातला कोणता खेळाडू लवकर हलतोय, कोण फसतोय, हे त्याने टिपून ठेवायचं असतं. थोडक्यात, हातात चेंडू नसलेल्या कोचचंच काम तो वर्षानुवर्षं करत असतो. शिवाय त्याच्याकडे पहिल्या क्वार्टरबॅकसारखा फेकीचा खांदा नसतो, त्यामुळे अंगभूत ताकदीवर निभावून नेण्याची सोय नसते. चाल का चालते हे त्याला कळलंच पाहिजे.

पीडरसनचा प्रवास यातूनच गेला. लुइझियानातल्या मन्रो इथल्या विद्यापीठात तो खेळला. १९९१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल संघ महाविद्यालयीन खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, त्याला कुणीही घेतलं नाही. मायामी डॉल्फिन्सनी असंच करारावर बोलावलं, काढलं, पुन्हा बोलावलं. तिथे पहिला क्वार्टरबॅक होता डॅन मरिनो, त्या पिढीतला बहुधा सर्वांत सुंदर फेक असलेला माणूस. १९९३ मध्ये मरिनोची टाचेची शीर तुटली. १४ नोव्हेंबरला फिलाडेल्फियात त्याच्या जागी खेळणारा स्कॉट मिचेलही जखमी झाला आणि पीडरसन मैदानात आला. डॉल्फिन्स १९-१४ ने जिंकले. हा मुख्य प्रशिक्षक डॉन शुला यांचा ३२५ वा विजय, जॉर्ज हॅलस यांचा ३२४ चा विक्रम मोडणारा. खेळाच्या इतिहासातल्या एवढ्या मोठ्या दिवशी चेंडू पीडरसनच्या हातात होता, आणि आज तो दिवस आठवणाऱ्यांनाही शुलाच आठवतात. राखीव खेळाडूच्या वाट्याला येतं ते हे असं.

पुढे तो ग्रीन बे पॅकर्सकडे गेला. तिथे पहिला क्वार्टरबॅक ब्रेट फाव्र, ज्याने एकही सामना न चुकवण्याचा विक्रम केला. त्याच्यामागे बसलेल्याला संधी मिळण्याची शक्यता किती असेल ते सांगायला नको. पण पीडरसनला तिथे दुसरंच काही मिळालं. मुख्य प्रशिक्षक होते माइक होमग्रेन, आणि १९९७ पासून क्वार्टरबॅकना शिकवायला होते अँडी रीड. होमग्रेन सॅन फ्रान्सिस्कोत बिल वॉल्श यांच्या हाताखाली तयार झालेले. वॉल्श यांची पद्धत पुढे ‘वेस्ट कोस्ट ऑफेन्स’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिचा गाभा असा: लांब, धोक्याच्या फेकींऐवजी छोट्या, वेळेवर सुटणाऱ्या फेकी. झेलणारा वळायच्या आधीच चेंडू निघालेला असतो. क्वार्टरबॅकच्या पावलांची संख्या आणि धावणाऱ्याच्या पावलांची संख्या एकमेकांशी जुळवलेली असते. सामन्यातल्या पहिल्या पंधरा-वीस चाली वॉल्श आदल्या दिवशीच लिहून काढत, म्हणजे घाईत निर्णय घ्यायला नको आणि समोरचा बचाव कशाला काय उत्तर देतो तेही पाहून घेता येतं. या पद्धतीत खांद्यापेक्षा डोकं आणि वेळ महत्त्वाची. पीडरसनसारख्यासाठी ही शाळाच होती. जानेवारी १९९७ मध्ये पॅकर्सनी सुपर बोल जिंकला तेव्हा तो संघातला तिसरा क्वार्टरबॅक होता. त्याला विजेत्या संघाला मिळणारी अंगठी मिळाली, मैदानात उतरायला मिळालं नाही.

१९९९ मध्ये अँडी रीड ईगल्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी पीडरसनला बरोबर नेलं. हेतू स्पष्ट होता. रीडनी ड्राफ्टमध्ये डोनोव्हन मॅकनॅबला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं होतं. तो तयार होईपर्यंत कुणीतरी संघ सांभाळायचा आणि नव्या मुलासमोर रीडची पद्धत खेळून दाखवायची. पीडरसनने नऊ सामने सुरुवात केली, सात हरले. फिलाडेल्फियाचे प्रेक्षक कुणालाही सोडत नाहीत, त्यालाही सोडलं नाही. मग मॅकनॅब आला आणि पीडरसन पुन्हा कडेला. पुढचं वर्ष क्लीव्हलँडमध्ये, तेही वाईट गेलं. नंतर २००४ पर्यंत पुन्हा ग्रीन बे, फाव्रच्या मागे. तिथे त्याचं मैदानातलं मुख्य काम काय होतं? किकर लाथ मारतो तेव्हा चेंडू जमिनीवर उभा धरून ठेवायचा. २००४ च्या मोसमात फाव्रच्या जागी उतरला असताना त्याच्या बरगड्यांना आणि पाठीला मार बसला, आणि त्याची कारकीर्द संपली.

इथे गोष्ट एक विलक्षण वळण घेते, आणि मला त्याच्या कारकिर्दीतला हाच भाग सर्वांत आवडतो. नावाजलेले खेळाडू निवृत्त झाले की टीव्हीवर बसतात. पीडरसन लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला गेला आणि कॅल्व्हरी बॅप्टिस्ट अकॅडमी या शाळेच्या संघाचा कोच झाला. २००५ ते २००८, चार मोसम. ज्या मुलांना कधीही एनएफएल खेळायचं नव्हतं त्यांना तो फुटबॉल शिकवत होता. सोळा वर्षांच्या मुलाला ‘गन ट्रे लेफ्ट’ म्हणून चालत नाही. त्याला एकेक पाऊल समजावून सांगावं लागतं, आणि ते सांगताना आपल्याला ते खरंच कळलंय का हे शिकवणाऱ्याला कळतं.

२००९ मध्ये रीडनी त्याला ईगल्समध्ये बोलावलं, अगदी खालच्या पायरीवर: व्हिडिओ पाहायचे, आकडे काढायचे, तक्ते करायचे. २०११ मध्ये तो क्वार्टरबॅकचा कोच झाला. २०१२ मध्ये ईगल्सनी निक फोल्स नावाच्या उंच, शांत मुलाला तिसऱ्या फेरीत घेतलं. त्याचं पहिलं वर्ष पीडरसनच्या हाताखाली गेलं. २०१३ मध्ये रीड कॅन्सस सिटीला गेले, पीडरसनही गेला, आता आक्रमणाचा प्रमुख म्हणून. २०१६ च्या जानेवारीत ईगल्सनी त्याला मुख्य प्रशिक्षक केलं तेव्हा शहरात कुणी उत्साहाने उड्या मारल्या नाहीत. लोकांना तो १९९९ चा पीडरसन आठवत होता.

त्याने आपला आक्रमण-प्रमुख म्हणून घेतलं फ्रँक राइकला. राइकसुद्धा आयुष्यभराचा राखीव क्वार्टरबॅक, बफेलो बिल्समध्ये जिम केलीच्या मागे. ३ जानेवारी १९९३ रोजी केली जखमी असताना राइक खेळला, बिल्स ३५-३ असे मागे पडले होते, आणि त्याने ४१-३८ ने सामना फिरवला. प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, इतिहासातलं आजवरचं ते सर्वांत मोठं पुनरागमन. कोचच्या खोलीत आता दोन राखीव क्वार्टरबॅक होते. तिसरा, फोल्स, २०१७ मध्ये परत आला. मधल्या काळात तो खेळ सोडण्याच्या विचारापर्यंत पोचला होता.

२०१७ चा मोसम ईगल्सचा पहिला क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झने गाजवला. मग १० डिसेंबरला लॉस एंजेलिसमध्ये त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. संघ लीगमध्ये जवळपास सर्वांच्या पुढे होता आणि टीव्हीवरचे बहुतेक जाणकार म्हणत होते, संपलं.

अशा वेळी बरेच कोच राखीव खेळाडूला पहिल्याच्याच चाली देतात आणि तो त्या नीट खेळत नाही म्हणून हळहळतात. वेंट्झ पळताना, धडपडत, अंगावरची माणसं झटकून फेकायचा. फोल्सला ते जमत नाही. पीडरसन, राइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोल्सचे जुने व्हिडिओ काढले, विशेषतः २०१३ चे, ज्या वर्षी त्याने २७ टचडाउन फेकले होते आणि चेंडू फक्त २ वेळा प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला होता. त्या वर्षी तो काय चांगलं करत होता? एक उत्तर होतं आरपीओ, म्हणजे ‘रन-पास ऑप्शन’, नावाच्या चाली. यात क्वार्टरबॅक चेंडू धावणाऱ्याच्या पोटाशी धरतो आणि बचावातल्या फक्त एका खेळाडूकडे बघतो. तो धावणाऱ्याकडे झेपावला तर चेंडू मागे खेचून त्याने मोकळ्या केलेल्या जागेत फेकायचा, तो मागे थांबला तर चेंडू धावणाऱ्याला देऊन टाकायचा. एक प्रश्न, दोन उत्तरं, निर्णय पटकन. फोल्सला हे रुचतं. मग चाली त्याच्या मापाने शिवल्या गेल्या. प्लेऑफमध्ये अटलांटाविरुद्ध १५-१० असा जेमतेम विजय मिळाला, आणि पुढच्याच आठवड्यात मिनेसोटाचा ३८-७ ने धुव्वा. मिनेसोटाचा बचाव त्या वर्षी लीगमधल्या सर्वोत्तम बचावांपैकी होता.

बाकावर बसलेल्या खेळाडूला काय हवं असतं ते पीडरसनला ठाऊक होतं. त्याला धीराचे शब्द नको असतात. आपल्याला जमेल असं काम हवं असतं, आणि ते काम देणारा घाबरलेला नाही हे दिसायला हवं असतं.

घाबरणं पीडरसनच्या स्वभावात नाही हे चौथ्या डाउनवर दिसायचं. त्या मोसमात ईगल्सनी चौथ्या डाउनवर २६ वेळा लाथ न मारता चाल खेळली आणि १७ वेळा ती साधली. यामागे संघाच्या आकडेतज्ज्ञांचं गणित होतं: एखाद-दुसरा यार्ड हवा असेल तर चेंडू देऊन टाकण्यापेक्षा प्रयत्न करण्यात दीर्घकाळात जास्त फायदा आहे. गणित बऱ्याच संघांकडे होतं. अब्जावधी डॉलरच्या धंद्यात, साठ-सत्तर हजार लोकांसमोर त्यावर विश्वास ठेवणारे कोच त्या काळात थोडे होते.

मग सुपर बोल, मिनियापोलिसमध्ये. मध्यंतराला ३८ सेकंद बाकी, ईगल्स १५-१२ ने पुढे, एंड झोन एका यार्डावर, चौथा डाउन. लाथ मारली असती तर तीन गुण खिशात. फोल्स कडेला आला आणि त्यानेच विचारलं, ती फिलीवाली चाल, म्हणजे ‘फिली स्पेशल’, खेळायची का. पीडरसनने क्षणभर थांबून हो म्हटलं. चाल अशी: फोल्स रेषेवर बोलत बोलत उजवीकडे सरकतो, जणू सहकाऱ्यांना काही समजावतोय. चेंडू थेट कोरी क्लेमेंटकडे जातो. क्लेमेंट डावीकडे धावत तो ट्रे बर्टनला देतो, जो शाळेत क्वार्टरबॅक होता. तोवर सगळे फोल्सला विसरलेले असतात. तो एंड झोनमध्ये एकटा. बर्टन फेकतो, फोल्स झेलतो. टचडाउन. थोड्याच वेळापूर्वी ब्रेडीच्या हातून अशाच एका चालीत झेल निसटला होता, त्यामुळे हे जास्तच झोंबलं असणार. ही चाल ईगल्सच्या डोक्यातून निघालेली नव्हती. शिकागो बेअर्सनी जानेवारी २०१७ मध्ये ती खेळली होती, आणि ईगल्सचा तरुण सहायक कोच प्रेस टेलर अशा चाली गोळा करून ठेवायचा.

पण कोच म्हणून पीडरसनचा खरा निर्णय माझ्या मते त्यानंतरचा आहे, ज्याचा पुतळा कुणी उभारला नाही. सामन्याच्या शेवटच्या सत्रात ५ मिनिटं ३९ सेकंद उरलेले, ईगल्स ३२-३३ ने मागे, स्वतःच्याच ४५ यार्डांवर, चौथा डाउन, एक यार्ड हवा. चुकलं तर चेंडू ब्रेडीला अर्ध्या मैदानात. त्याने चाल खेळली, फोल्सने अर्ट्झला छोटी फेक दिली, दोन यार्ड मिळाले. त्याच चढाईच्या शेवटी ती ‘गन ट्रे लेफ्ट’ आली. निकाल ४१-३३. ईगल्सचा हा पहिला सुपर बोल, १९६० नंतरचं पहिलं विजेतेपद. फोल्सने ३७३ यार्ड फेकले आणि सामनावीर ठरला. फिली स्पेशलचं बोलणं चाललेला फोल्स-पीडरसनचा ब्राँझ पुतळा त्याच वर्षी ईगल्सच्या मैदानाबाहेर बसला. फिलाडेल्फियाशेजारच्या दक्षिण न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांनी मुलांमुळे हा खेळ पाहायला सुरुवात केली, त्यांना ती रात्र वेगळी सांगावी लागणार नाही.

यापुढचा उतार लवकर सांगतो. राइक लगेच इंडियानापोलिसला मुख्य प्रशिक्षक म्हणून गेला. वेंट्झ पूर्वीसारखा राहिला नाही, २०२० मध्ये ईगल्सना फक्त चार विजय मिळाले, आणि ११ जानेवारी २०२१ रोजी पीडरसनला काढलं गेलं. सुपर बोलला तीन वर्षंही झाली नव्हती. एनएफएलमध्ये कृतज्ञतेची मुदत छोटी असते.

२०२२ मध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्सनी त्याला घेतलं. तिथे ट्रेव्हर लॉरेन्स हा गुणी पण पहिल्या वर्षी पार गोंधळलेला क्वार्टरबॅक होता. १४ जानेवारी २०२३ च्या प्लेऑफ सामन्यात लॉरेन्सने पूर्वार्धातच चार फेकी प्रतिस्पर्धी लॉस एंजेलिस चार्जर्सच्या हातात दिल्या आणि जॅग्वार्स ०-२७ असे मागे पडले. पीडरसनने चाली आखडत्या घेतल्या नाहीत, लॉरेन्स फेकत राहिला. शेवटच्या क्षणी लाथेवर ३१-३० ने सामना जिंकला. प्लेऑफमधलं हे तिसरं सर्वांत मोठं पुनरागमन. पहिलं राइकचं. दुसरं, जानेवारी २०१४ चं, कॅन्सस सिटी ३८-१० ने पुढे असताना इंडियानापोलिसने केलेलं, आणि त्या दिवशी हरणाऱ्या बाजूला आक्रमणाचा प्रमुख होता पीडरसनच.

जॅक्सनव्हिलही टिकलं नाही. २०२४ चा मोसम ४ विजय आणि १३ पराभवांत संपला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याला निरोप मिळाला. बाकावरचं शिक्षण कायमच्या यशाची हमी देत नाही, हे मान्य करावंच लागेल. पण उलट बाजूचं उदाहरण जास्त बोलकं आहे. बार्ट स्टार या पॅकर्सच्या महान क्वार्टरबॅकने खेळाडू म्हणून पहिले दोन्ही सुपर बोल जिंकले, आणि त्याच संघाचा कोच म्हणून १९७५ ते १९८३ या नऊ वर्षांत त्याचे पराभव विजयांपेक्षा जास्त झाले. याउलट जॉन एल्वेच्या मागे बसलेल्या गॅरी क्युबियाकने २०१६ मध्ये डेन्व्हरला सुपर बोल जिंकून दिला. आणि केव्हिन ओकॉनेल, ज्याने एनएफएलमध्ये खेळाडू म्हणून एकूण सहा फेकी केल्या, २०२४ मध्ये मिनेसोटाला १४ विजय मिळवून देऊन वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला. त्याचा क्वार्टरबॅक होता सॅम डार्नल्ड, ज्याच्यावर आधीच्या संघांनी पाणी सोडलं होतं.